ब्याण्णव नंबरचा चौकोन

चर्रर्र!

सकाळच्या शांततेत एवढाच आवाज झाला आणि स्वयंपाकघरात डबा भरणाऱ्या आईच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. बुटाचा पट्टा उघडल्याचा आवाज होता तो! पाच मिनिटांपूर्वी घातलेले बूट मुंगीने काढले होते. सकाळपासून तिसऱ्यांदा!

मुंगी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण जीव एवढासा आणि हट्ट मात्र वजनाच्या दहापट, म्हणून घरात सगळे मुंगीच म्हणत. बालवाडी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि तीन आठवडे मुंगी फाटकापर्यंत जाऊन परत येत होती. फाटक दिसलं की आईच्या पायाला अशी चिकटायची की पाकिटावरच्या तिकिटाने लाजावं! बालवाडीच्या मोठ्या बाईंनी कालच गोड आवाजात सांगितलं होतं, "सोमवारी शेवटचं बघू. नाहीतर पुढच्या वर्षीच आणा तिला." मुंगी पुढच्या वर्षी, म्हणजे आईची पुन्हा सुरू व्हायची नोकरीही पुढच्या वर्षी!

आई तिच्यासमोर फतकल मारून बसली. "का गं नाही जायचं शाळेत?"

"भिंत रागावते."

यात मुंगीचं फार चुकत नव्हतं. फाटकाशेजारची ती उंच, करडी भिंत ओल येऊन अशी डागाळली होती की दोन भुवया चढवून कोणीतरी बघतंय असंच वाटे.

"मग भिंतीवर काय असलं तर जाशील?"

मुंगीने बराच विचार केला. "जिराफ."

"एवढंच ना? आई काढेल जिराफ! त्यात काय आहे?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, मागे तू कपाटाच्या दारावर फूल काढलंस, तेव्हा शेजारीण मला विचारत होती, काय सांडलं म्हणून!"

"अहो आई, ते फूल लहान होतं. लहान गोष्टी मला जमत नाहीत. जिराफ मोठा असतो!"

त्याच दिवशी मोठ्या बाईंची परवानगी मिळाली. "काढा. पण सोमवारी मुलं यायच्या आत पुरा झाला पाहिजे. अर्धवट नको." मुंगी झोपली की आई मोबाइलवर भिंत रंगवणाऱ्यांचे व्हिडिओ बघू लागली आणि दोन दुपारींत तिला सगळी विद्या आली. कागदावर जिराफ काढायचा. त्यावर बारा चौकोन आखायचे. भिंतीवरही तेवढेच बारा, पण मोठे. मग एकेक चौकोन बघून भिंतीवर उतरवायचा. डोकं वापरायचं कामच नाही!

जिराफ छान जमला. पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा, थेट समोर बघून हसणारा. तिने चौकोन आखले, कोपऱ्यांत आकडे घातले आणि कात्रीने बारा तुकडे केले.

भिंतीवरची आखणी नवऱ्याने मागून घेतली. तो एका मोठ्या गोदामात कामाला होता. खोक्यावरचा आकडा बघायचा, त्याच आकड्याच्या फळीवर खोकं ठेवायचं, आत काय आहे याच्याशी आपला संबंध नाही! आठ वर्षांत एक खोकं चुकलं नव्हतं आणि ही गोष्ट तो जेवताना अधूनमधून सांगत असे. शनिवारी दोघांनी मिळून भिंत निळी केली. मग त्याने दोरा ताणून, खडूने, अशा सरळ रेघा मारल्या की बघत राहावं. एकाखाली एक चार ओळी, प्रत्येकीत तीन चौकोन. कोपऱ्यांत स्वच्छ आकडे घातले, एक ते बारा.

रविवारी दुपारी ब्रश हातात घेते न घेते तोच सासूबाईंचा फोन! "लवकर ये. मुंगी उठली आणि आता ती टेबलाखालून बाहेर येत नाही. म्हणते, भिंत झाली का आधी सांगा."

"तू जा," नवरा म्हणाला. "आभाळ तर झालंच आहे. ते चार कागद घेऊन जा, माझ्याकडे फक्त जिराफ ठेव. आकडा बघायचा आणि काढायचं. हे माझं रोजचंच काम आहे!"

आई घरी गेली. टेबलाखाली शिरली. तिथेच तासभर बसून जिराफांविषयी माहीत असलेलं आणि नसलेलं सगळं सांगून झालं. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, ब्याण्णव नंबरचा चौकोन कुठाय?"

"कसला ब्याण्णव?"

"कागदावर लिहिलंय ना! नऊ आणि दोन. एक नव्वद आहे. एक तर नव्व्याण्णव आहे! केवढा जिराफ आहे हा? आणि एका कागदावर आकडाच नाही, नुसतंच घराचं छप्पर काढून ठेवलंयस."

आई टेबलाखाली गार झाली. खुर्चीवरच्या सासूबाईंना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तो बाराला ब्याण्णव वाचतोय! तू आकडे मराठीत घातलेस ना? इंग्रजी शाळेत घातला गं मी त्याला! एकाला नऊ म्हणतो, चाराला आठ. छप्पर म्हणजे तुझा आठ!"

आईने विचारलं, "नऊ नंबरच्या चौकोनात काय काढलंत अहो?"

चिडली की ती त्याला अहोजाहो करी.

"डोकं," नवरा म्हणाला. "सुरेख आलंय."

"डोकं वर असतं हो! जिराफाचं!"

"मला वाटलं, गवत खातोय!"

ती धावत पोचली तेव्हा चार वाजले होते. निळ्याशार भिंतीवर, तिसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला, जिथे जिराफाचं ढुंगण यायचं तिथे, एक प्रसन्न चेहरा तिच्याकडे बघून हसत होता. पोटाच्या जागी मान उभी होती. मानेचा आणि डोक्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. वर सगळं रिकामं.

"पुसून टाकू," नवरा हळूच म्हणाला.

"तेलरंग आहे. चिखल होईल नुसता." तिने डबे हलवून पाहिले. निळा संपलेला. पिवळा निम्म्याच्या खाली. रविवार, दुकान बंद. तिने पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली. "शिडी आण."

"काय करतेयस?"

"जिराफ!"

आधी तिने पोटातल्या मानेच्या दोन्ही बाजूंना पिवळा भरला. ठिपक्यांत ठिपके मिसळले, मान पोटात गडप झाली. छाती झाली, पाय झाले. आता डब्यात उरलेल्या रंगात एकच काहीतरी होणार होतं. एकतर मागचा चेहरा झाकायचा, नाहीतर पुढे मान आणि डोकं काढायचं.

"झाकूया," नवरा म्हणाला. "लोक हसतील."

"आणि बिनडोक्याचा जिराफ दाखवू मुलीला? इतके दिवस काय सांगतेय मी तिला? डोकं नसण्यापेक्षा एक जास्त असलेलं बरं!"

ती शिडीवर चढली. मान काढली, डोकं काढलं, डबा खरवडून खरवडून दोन शिंगंही काढली. खाली उतरल्यावर आठवलं, शेपटी राहिली. ती तपकिरी रंगाने मागच्या चेहऱ्याच्या कानामागून काढली. नवऱ्याने शिडी धरून ठेवली आणि संध्याकाळभर एकाही आकड्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी सकाळी चर्रर्र झालं नाही. बूट पायांत राहिले. फाटकाशी मुलांची ही गर्दी! मोठ्या बाई भिंतीसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी पुढचं डोकं पाहिलं, मागचं पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"पूर्ण झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "थोडा जास्तच."

मुंगी नेहमीसारखी पायाला चिकटली होती. गर्दीतला एक चष्मेवाला मुलगा ओरडला, "हा मागे बघून चालतो!"

"चालत नाही, बसलाय!" एक वेणीवाली म्हणाली.

"तुम्हाला काही कळत नाही!" मुंगी एकदम गरजली. "माझ्या आईने काढलाय तो!" आणि आईचा पाय सोडून ती तरातरा त्यांच्यात घुसली. बोट वर करून भांडण सुरू झालं. भांडत भांडत सगळी टोळी फाटकातून आत सरकली, आणि टोळीबरोबर मुंगीही. नवऱ्याने आईचा हात धरला.

आत गेलेली मुंगी अचानक थांबली. मागे वळली. काहीतरी ठरत नव्हतं तिचं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग फाटकाच्या सळ्यांमधून आईकडे, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, हा शाळेत येतोय की घरी चाललाय?"