हौद आणि बेड

“राघवेंद्रा, आता मी सांगतो त्यावर तुझाच काय, अख्ख्या हुबळी-धारवाडात कुणाचा विश्वास बसायचा नाही,” नवनगरच्या आपल्या ओट्यावर बसून प्रभंजनरावांनी सुरुवात केली.

शेजारचे राघवेंद्र मास्तर पेन मागायला आले होते. हातात कोरा मनीऑर्डर फॉर्म. सकाळी त्यांना मुंबईहून फोन आला होता, की तुमच्या फोन नंबराला बक्षिसात मोटारसायकल लागली. खर्चापोटी फक्त एकवीसशे रुपये आजच पाठवा. पोस्टाची खिडकी तीनला बंद व्हायची, आणि अडीच वाजून गेले होते.

“अण्णा, पेन द्या की. गोष्ट नंतर ऐकतो.”

“त्याच लोकांचं सांगायलालोय. बस.”

रावांना मास्तरांचे एकवीसशे वाचवायचे होते. खरं सांगून ते चुटकीसरशी वाचले असते; पण खरं सांगायची रावांना सवय नव्हती.

“मागच्या महिन्यात मलाही आला होता फोन. पोरगी बोलायला गोड. ‘आपण प्रभंजनराव का?’ मी म्हटलं, हौद.”

कानडीत हौद म्हणजे हो आणि बेड म्हणजे नको. इथला मराठी माणूस मराठी बोलतानाही ते सहज म्हणून जातो. मुंबईच्या पोरीला कुठलं कळायला?

“ती म्हणाली, ‘हौद नाही काका, मोटारसायकल लागलीय.’ मी म्हटलं, बेड. ‘बेड नाही हो आमच्या बक्षिसांत.’ मी पुन्हा, बेड म्हणजे बेड. तिनं साहेबाला बोलावलं. साहेब विचारतो, ‘सिंगल की डबल?’”

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण हलले नाहीत. “मग?”

“मग त्याच्यावरचा साहेब आला. म्हणतो, ‘बेड काय हौदात ठेवणार आहात?’ मी म्हटलं, हौद. झालं, त्यांच्यातच जुंपली. एक म्हणतो गिऱ्हाईक वेडं आहे, दुसरा म्हणतो लोखंडी दिला तर गंजेल. सव्वा तास एसटीडीचं मीटर त्यांचं पळायलंय. शेवटी थोरला साहेब रडकुंडीला आला. ‘काका, फोन ठेवा हो.’ मी म्हटलं, बेड.”

“आणि ठेवलात कधी?”

“एक्कावन्न रुपये दंड कबूल करून घेतला, तेव्हा. आठव्या दिवशी त्यांची मनीऑर्डर माझ्या दारात.”

मास्तर विचारात पडले. “म्हणजे दिल्या शब्दाला जागणारी माणसं दिसतात,” ते म्हणाले, आणि रावांच्या खिशातलं पेन काढून फॉर्म भरायला बसले.

रावांचं तोंड उघडंच राहिलं. गोष्ट इतकी रंगली होती आणि गडी निघाला होता भलत्याच वाटेनं.

“पोस्टपेटी नंबर एकशे चौदा,” मास्तर पुटपुटले, “का एकशे एक्केचाळीस?”

“एकशे एक्केचाळीस,” रावांच्या तोंडून निसटलं. “आणि पिन कोड खालच्या ओळीत लिही, नाहीतर पोस्टातला बाबू फॉर्म परत देतो.”

मास्तरांचं पेन थांबलं.

“अण्णा, मनीऑर्डर त्यांनी तुम्हाला केली म्हणालात ना?”

राव समोरच्या तारेवरचा कावळा बघू लागले. मास्तरांनी फॉर्मची घडी केली, ती शांतपणे चार ठिकाणी फाडली आणि पेन परत दिलं.

“कानडी राहू द्या, आता मराठीत सांगा. तुमचे किती गेले?”