वन-वे भाऊसाहेब

आमच्या कॉलेजच्या ऑफिसपासून कॅन्टीन चाळीस पावलांवर आहे. गांगुर्डे भाऊसाहेबांना तिथे पोहोचायला अकरा मिनिटे लागतात.

त्यांचे पाय ठणठणीत आहेत. अडचण पायांची नाही, बाणाची आहे. ऑफिससमोरच्या डांबरावर पांढऱ्या रंगात एक बाण काढला आहे आणि तो कॅन्टीनकडे पाठ करून बसला आहे. कॅम्पसमधला रस्ता गोल, आणि एकेरी. म्हणून भाऊसाहेब ऑफिसातून बाहेर पडतात, डावा हात लांब करून वळणार असल्याची खूण करतात, मागून कुणी येत नाही ना ते मान वळवून पाहतात आणि लायब्ररी, जिमखाना, मुलींचे हॉस्टेल, सायन्स बिल्डिंग अशी पूर्ण प्रदक्षिणा घालून कॅन्टीनला लागतात. तोवर भजी संपलेली असतात.

"भाऊसाहेब, वन-वे गाड्यांना असतो," पहिल्या वर्षाला असताना मी त्यांना ऐकवले होते.

"असं कुठं लिहिलंय?"

"त्यात लिहायचं काय?"

"बोर्डावर 'एकेरी मार्ग' लिहिलंय. 'गाड्यांसाठी' असं लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते आपण वाचू नये. नोंद घ्यावी."

'नोंद घ्यावी' हा त्यांचा पूर्णविराम. "आज चहात आलं कमी आहे, नोंद घ्यावी." "माझ्या सुनेला मुलगी झाली, नोंद घ्यावी." ज्याला सांगितले त्याने खरोखर वही काढून नोंद घ्यावी अशी त्यांची अपेक्षा नसते. पण कुणी काढलीच तर त्यांना वाईट वाटत नाही.

भाऊसाहेब मूळचे पार्किंगचे नव्हेत. ते कॉलेजचे डेड स्टॉक क्लार्क. कॉलेजातली बाके, कपाटे, पंखे, खुर्च्या, म्हणजे जे जे स्वतःहून हलत नाही ते सगळे डेड स्टॉक. त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा. वस्तू मोडली की स्टोअररूममध्ये आणून ठेवायची आणि तिचे निर्लेखन होण्याची वाट बघायची. निर्लेखन म्हणजे एका समितीने बसून 'ही वस्तू संपली' असे कागदावर मान्य करणे. तोवर ती वस्तू वापरायची नाही आणि टाकायचीही नाही. समितीला बसायला वेळ नसतो, त्यामुळे वस्तू साचत जातात.

जुन्या सभागृहाच्या जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या त्या खोलीत भाऊसाहेब एकोणीस वर्षे बसले. दिवसभरात कुणी आलेच तर मोडके बाक घेऊन यायचे आणि बाक टेकवून निघून जायचे.

मग कॅम्पसवर गाड्या वाढल्या. गेटपाशी रोज भांडणे, एकदा तर मारामारी. पार्किंगला कुणीतरी इनचार्ज हवा होता. प्राध्यापकांपैकी कुणाची पीएचडी निघाली, कुणाची पाठ. शेवटी प्राचार्य म्हणाले, "उभी गाडी म्हणजे तरी काय, डेड स्टॉकच की. गांगुर्ड्यांना द्या." ते विनोदाने म्हणाले होते. भाऊसाहेबांनी तो लेखी आदेश समजला.

दुसऱ्या दिवशी ते गळ्यात शिट्टी अडकवून गेटवर उभे. पहिल्या आठवड्यात रस्ता एकेरी झाला. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गाड्यांची हँडले डावीकडे वळली. तिसऱ्या आठवड्यात सम तारखेला भिंतीच्या बाजूला आणि विषम तारखेला झाडांच्या बाजूला पार्किंग सुरू झाले. एकतीस तारीख विषम आणि तिच्यामागून येणारी एक तारीखही विषम, त्यामुळे भिंतीच्या बाजूवर अन्याय होतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून महिन्याच्या दिवसांत दुरुस्ती सुचवणारे पत्र त्यांनी प्राचार्यांना दिले. उत्तर अजून आलेले नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर त्यांना अजिबात आवडत नसे. "आवाजच नाही! भुतासारखी मागं येऊन उभी राहते." तिच्या मालकांनी कॅम्पसमध्ये तोंडाने आवाज करत यावे, अशी सूचना त्यांनी लावली. महिनाभर पोरे "भुर्रर्र" करत आत येत होती. भाऊसाहेब प्रत्येकाला मान लववून धन्यवाद देत.

पोरांची नावे त्यांना येत नसत. गाडीचे नंबर मात्र तोंडपाठ. "काय सत्तेचाळीस ब्याऐंशी, आज उशीर?" "बारा शून्य नऊ, हेल्मेट कुठंय? डोकं घरी ठेवलं वाटतं!" माझ्याकडे गाडी नव्हती, मी सिटी बसने यायचे. त्यामुळे मला नंबर नव्हता. सारखी पत्रके वाटायचे म्हणून मी 'पत्रकताई'.

इतिहासाच्या पवार सरांचे प्रकरण तर कॅम्पसभर गाजले. सर दिवाळीच्या सुट्टीत स्कूटर कॉलेजातच ठेवून येवल्याला सासुरवाडीला गेले. परत येऊन बघतात तो मडगार्डवर पांढऱ्या रंगात 'डे. स्टॉ. ६१४'.

"भाऊसाहेब, हे काय आहे?"

"एकवीस दिवस जागची हलली नाही. मी रोज बघत होतो. मग घेतली यादीत."

"अहो, पण माझी गाडी आहे!"

"होती."

यादीतली वस्तू निर्लेखनाशिवाय गेटबाहेर जाणार नाही, यावर भाऊसाहेब ठाम. अखेर कित्येक वर्षांनी निर्लेखन समिती बसली, तीही एका स्कूटरसाठी. समितीत स्वतः पवार सर सदस्य. 'सदर वाहन पूर्णतः निरुपयोगी असून दुरुस्तीपलीकडे गेले आहे' यावर त्यांनी सही केली आणि त्याच वाहनावर बसून घरी गेले. पुढे सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला हवालदाराने तो नंबर बघून सरकारी गाडी समजून त्यांना सोडून दिले. तेव्हापासून सरांनी तो खोडलेला नाही.

हे एकेरीचे वेड आले कुठून, असे मी एकदा विचारले. भाऊसाहेब एरवी शिट्टी वाजवता वाजवता उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"गेल्या सिंहस्थात गोदाघाटावर स्वयंसेवक होतो मी. दंडाला पट्टी होती. लाखानं माणूस, ताई. पण समोरून एकही नाही. सगळे एकाच दिशेनं, सगळे सोबत. बायामाणसं मला विचारायची, 'भाऊ, इकडूनच ना?' मी म्हणायचो, 'इकडूनच, चला.' दिवसभर नुसतं 'चला, चला.'" त्यांनी शिट्टी बोटात फिरवली. "त्या खोलीत एवढं बोलायला मला वर्ष लागलं असतं."

आता माझ्याबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण पुढच्या गोष्टीत दोष माझा आहे. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरे गिरवली. अन्याय दिसला की माझा हात आधी पेनाकडे जातो आणि मग डोके चालू होते. आणि अन्याय तर कॅम्पसवर रोज दिसत होता. संस्थेच्या अध्यक्षांची पांढरी गाडी रोज उलट्या दिशेने ऑफिसच्या दारात येई. आम्ही पोरांनी गोल फिरायचे आणि साहेबांनी सरळ यायचे! मी पत्रक काढले. मथळा: 'नियम पोरांना, रस्ता साहेबांना!'

भाऊसाहेबांनी गेटवरच ते शांतपणे वाचले. खिशातून लाल पेन काढून दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग एका शब्दाखाली रेघ ओढली. "'दडपशाही' हा शब्द पार्किंगला वापरू नका, ताई. मोठा शब्द आहे. शिल्लक ठेवा, पुढं लागेल."

पोरे हसली. माझा पारा चढला.

"भाऊसाहेब, तुम्ही आम्हाला अडवता. बारा शून्य नऊला अडवता, पवार सरांना अडवता. एकदा साहेबांची गाडी अडवून दाखवा ना! बघू तुमचा नियम!"

त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. पोरे पांगल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अडवली तर हा चार्ज जाईल, ताई. मला त्या खोलीत परत जायचं नाहीये."

मी किती निर्दय होते बघा. मी म्हणाले, "मग नियम नियम करत जाऊ नका."

पुढच्या सोमवारी साडेदहाला पांढरी गाडी गेटातून आत आली आणि सवयीने उजवीकडे वळली. भाऊसाहेब बाणाच्या टोकावर उभे होते. त्यांनी हात आडवा केला आणि शिट्टी फुंकली. आधीच्या कुठल्याही शिट्टीपेक्षा ती लांब होती.

ड्रायव्हरने डोके बाहेर काढले. "ओ भाऊसाहेब, आत साहेब आहेत!"

भाऊसाहेब मूळचे सटाण्याकडचे. भीती वाटली की त्यांची ऑफिसातली मराठी गळून पडते आणि आईची भाषा वर येते. "काय करी राहिना भो? हाऊ वन-वे शे!"

मागची काच खाली आली. कुणीतरी मोबाइल वर धरला.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारले. एकोणीस अधिक दोन अशी एकवीस वर्षे भाऊसाहेब त्यांच्याच संस्थेत होते.

"पार्किंग इनचार्ज," भाऊसाहेब म्हणाले.

साहेबांनी आमच्याकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले आणि काच वर केली. गाडी मागे झाली, डावीकडे वळली आणि लायब्ररीवरून, जिमखान्यावरून, हॉस्टेलवरून पूर्ण गोल फिरून ऑफिसपाशी आली. आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. भाऊसाहेबांनी रुमालाने मान पुसली, आणि मला वाटले आपण क्रांती केली.

बुधवारी आदेश निघाला. 'प्रशासकीय कारणास्तव' पार्किंगचा चार्ज त्यांच्याकडून काढून घेण्यात आला होता. गेटवर एका एजन्सीचे दोन गार्ड आले. ते दिवसभर खुर्चीत बसून मोबाइल बघत. साहेबांची गाडी पुन्हा सरळ येऊ लागली.

मी रात्रीतून पत्रक लिहिले आणि सह्या गोळा केल्या. पोरे सही करताना नावापुढे स्वतःहून गाडीचा नंबर घालत होती. तो गठ्ठा घेऊन शुक्रवारी मी जिन्याखालच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

एका पिवळ्या बल्बखाली भाऊसाहेब टेबलाशी बसले होते. मला पाहून ताडकन उठले. "या, या! बसा." आणि मग त्यांनी स्वतःच चहूकडे नजर फिरवली. छतापर्यंत खुर्च्याच खुर्च्या रचलेल्या, पण बसायला एकही नव्हती. सगळ्या मोडलेल्या, नंबर घातलेल्या, समितीची वाट बघणाऱ्या. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीशिवाय तिथे दुसऱ्या खुर्चीची कधी गरजच पडली नव्हती. ते ओशाळले आणि माझ्यासोबत उभेच राहिले.

"भाऊसाहेब, हे माझ्यामुळे झालं."

"त्याची नोंद घ्यायची गरज नाही," ते म्हणाले. "तुम्ही बोललात ते टोचलं, खरंय. पण तुम्ही बोलला नसतात तरी ते मला रोज दिसतच होतं." त्यांनी पत्रक वाचले. या वेळी लाल पेन काढला नाही. "सत्तेचाळीस ब्याऐंशीचा हात कसाय? घसरली होती ना गाडी, हॉस्टेलच्या वळणावर. प्लॅस्टर निघालं का?"

मला माहीत नव्हते. "विचारून सांगते," मी म्हणाले.

"आणि त्या वळणावर वाळू आहे अजून. झाडायला सांगा कुणाला तरी. गार्ड लोकांना सांगा, पण गोडीनं सांगा. नवीन आहेत."

सह्या मी प्राचार्यांकडे दिल्या. 'विचाराधीन' असा शेरा पडला. विचाराधीन म्हणजे काय ते आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळते. हे भाऊसाहेबांना कसे सांगायचे याची मी सोमवारी सकाळभर जुळवाजुळव करत होते. शेवटी दुपारी गेले.

टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची होती. तिचा मोडलेला पाय तारेने घट्ट आवळलेला होता, बैठकीच्या भोकावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर घडी घातलेले वर्तमानपत्र. पाठीवर पांढरा नंबर तसाच.

"ही यादीतली ना?" मी विचारले.

"यादीतलीच."

"मग नियमाप्रमाणे हिच्यावर..."

"बसता येत नाही." भाऊसाहेब उठले, दारातून डोके काढून त्यांनी बाहेर दोन्ही बाजूंना पाहिले आणि दार अर्धे ओढून घेतले. "बसा. फक्त मागं टेकू नका."

मी जपून बसले. खुर्ची कुरकुरली, पण तिने मला सांभाळून घेतले. सह्यांचे काय झाले ते त्यांनी विचारले नाही. त्यांनी आपली खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले,

"हं. आता सांगा. बाहेर काय काय झालं?"