पिशवीवरचं प्लॅस्टिक

आमच्या तालुक्याच्या मैदानावर गवत गुडघ्याच्या वर गेलं आणि त्यात साप निघाला, तेव्हा मैदान समितीने बसून चालवायचं गवतकापणी यंत्र मागवलं. निमित्त शिवकन्या. राणीसावरगावची ही मुलगी इथे खोली करून पोलीस भरतीची तयारी करते. गेल्या वेळी ती धावण्यात थोडक्यात हुकली. यंदा वयोमर्यादेतली तिची शेवटची भरती.

"सर, तेवढं गवत काढून द्या, बाकीचं मी बघते," ती मला म्हणाली. मी समितीचा कंत्राटी तांत्रिक सहायक. भौतिकशास्त्राची पदवी असल्यामुळे माझ्याकडे गोदामाची किल्ली असते.

यंत्र आलं. मागे कापलेलं गवत गोळा करायची जाळीची पिशवी आणि तिच्यावर कारखान्याचं पारदर्शक प्लॅस्टिक. चालक भुजंग ते फाडायला गेला, तोच समितीचे अध्यक्ष आबासाहेब ओरडले, "हात लावू नको! लोकार्पण व्हायचंय. पाहुण्याला वापरलेली वस्तू दाखवायची का?"

यंत्र वापरावे, परंतु कोरे ठेवावे, असा ठराव झाला.

पहिल्याच फेरीत गवत पात्यांकडून पिशवीकडे जाणाऱ्या नळीत तुंबलं आणि गोळे होऊन यंत्राच्या मागे पडू लागलं. पिशवी रिकामी. मी खुलासा केला, "पात्यांच्या वाऱ्याने गवत पिशवीत जातं. तो वारा जाळीतून बाहेर पडला तरच मागचं गवत आत येतं. प्लॅस्टिकमुळे वारा कोंडतोय."

"सायन्सवाले," आबासाहेब म्हणाले, "हवा लागू नये म्हणूनच तर प्लॅस्टिक घालतेत. माझ्या लग्नातला सोफा, नातू खेळायलाय त्याच्यावर, पण अजून कोरा हाय."

"सोफ्यात गवत भरायचं नसतं, आबासाहेब."

"लय बोलायलाव तुमी."

समितीने दोष गवताचा ठरवला. ते ओलं होतं. ओलं गवत नळीला चिकटतं, हे खरंच. आणि एवढं खरं समितीला पुरलं. मैदानाचं पाणी तोडण्यात आलं. गवत वाळलं आणि नळीत आता धूळही तुंबू लागली. मग इंजिनाचा वेग वाढवण्यात आला. कोंडलेल्या वाऱ्याने नळी सांध्यातून निसटली. भुजंगने ती सुतळीने आवळली.

त्यानंतर यंत्र वाजायला लागलं. पिशवी भरली की इशारा देणारी एक पट्टी आत असते. ती कोंडलेल्या वाऱ्यानेच दाबली जात होती.

"भरली म्हणतंय की!" आबासाहेब खूश झाले.

"रिकामी हाय, साहेब," भुजंग म्हणाला.

"लेका, यंत्र कशाला खोटं बोलंल?"

'पिशवी कायम भरलेली असते' असा अहवाल वर गेला. पण प्लॅस्टिक पारदर्शक. पाहुण्याला आतलं दिसणार. म्हणून रोजंदारीवरच्या पंचफुलाबाई आणि चार बाया विळे घेऊन आल्या. त्यांनी सगळं मैदान कापलं आणि त्यातलं निवडक हिरवं गवत पिशवीच्या तोंडातून हाताने आत भरलं. प्लॅस्टिकला धक्का लागला नाही. यंत्र यशस्वी झालं.

दुसऱ्या दिवशी बूट बांधून शिवकन्या आली. फाटकाला कुलूप, आत लोकार्पणासाठी उभं केलेलं यंत्र.

"पळू नको, बाई. धूळ उडती, प्लॅस्टिक खराब होतंय," आबासाहेब म्हणाले.

"पण मैदान माझ्यासाठीच साफ केलंय ना?"

"तुझ्यासाठीच की! म्हणून तर जपायलोत."

लोकार्पणाची तारीख दोनदा पुढे गेली. भरतीची गेली नाही. शिवकन्या पहाटे पूर्णा रस्त्याच्या कडेने धावू लागली. भरतीच्या आदल्या आठवड्यात मागून एका गाडीने असा हॉर्न दिला की ती दचकून चरात उतरली. घोटा सुजून वांग्याएवढा झाला. चाचणीच्या दिवशी ती खोलीवर बसून होती.

गाडीचा नंबर तिला आठवत नाही. गाडी थांबली होती, हे मात्र आठवतं. काच खाली झाली, आतून आवाज आला, "पळायला मैदान न्हाई का गावात?" आणि काच वर गेली. तेवढ्यात तिला आतलं दिसलं. गाडी नवी होती, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं.

सहज विचारतो, तुमच्या गाडीचं काढलंत का?