मल्लिनाथअण्णा आणि उजव्या कडेची पट्टी

मल्लिनाथअण्णा कुणाच्याही कॉम्प्युटरजवळ आले की आधी पडद्याच्या उजव्या कडेला बघायचे. तिथं ती वरखाली सरकणारी करडी पट्टी दिसली की कपाळाला आठी. त्यातून पानात दुसरं पान बसवलेलं असेल आणि त्या आतल्या पानाला आणखी एक स्वतःची पट्टी असेल, तर मग विचारूच नका. "धोतराला चेन लावल्यावाणी दिसतंय," म्हणायचे.

नळदुर्गच्या आमच्या कॉलेजात मी हेडक्लार्क, अण्णा कॉम्प्युटर ऑपरेटर. वेबसाइट त्यांच्याच ताब्यात. एकदा परीक्षेचं वेळापत्रक दुसऱ्या साइटवरून आणून आमच्या पानावर एका चौकटीत दाखवायचं होतं. चौकटीला अर्थातच पट्टी आली. अण्णांनी चहा थंड होऊ दिला, पण ती उडवली. पान कसं गुळगुळीत झालं! फक्त चौकटीतलं पान आता सरकेना, आणि बुधवारनंतरचे सगळे पेपर खाली अडकून बसले. पोरं खूश. निम्मी तर बॅगा भरून एस.टी. स्टँडवर.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "अहो, असू द्या की ती पट्टी. तुमचं काय खाते?"

"सरकायला पायजे सर, पर दिसायला न्हाय पायजे. करतो म्या."

आणि केलं. आतली चौकट बाहेरच्या खोक्यापेक्षा जराशी रुंद ठेवली. पट्टी कडेपलीकडं लपली, पान मात्र वरखाली होत राहिलं. त्या दिवशी अख्ख्या स्टाफला त्यांनी भजी खाऊ घातली.

मला वाटायचं, माणसाला एकेक नाद असतो. भजी खाता खाता सहज विचारलं, "अण्णा, एवढा राग का हो त्या पट्टीवर?"

त्यांनी हातातलं भजं परत कागदावर ठेवलं. "महानंदाला बघवत न्हाय ती."

महानंदावहिनी म्हणजे अण्णांची बायको. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं कानडी कादंबऱ्यांचं लई वेड. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलंय, एवढं आम्हाला ठाऊक होतं. खाटेवर पडल्या पडल्या त्या लॅपटॉपवर वाचायच्या.

"वाचता वाचता नजर पट्टीकडं जायची," अण्णा म्हणाले. "पट्टी खाली आली की म्हणायची, संपत आलं की हो. आन् लॅपटॉप मिटायची. फुडं वाचायचीच न्हाय."

म्हणून त्यांनी वहिनींसाठी एक पान बनवलं होतं. चौकटीत कादंबरी, आणि पट्टी नाही. किती उरलंय ते कळायचंच नाही. वहिनी पुन्हा वाचायला लागल्या होत्या.

उन्हाळ्यात वहिनी गेल्या.

पुढं एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. अण्णा रिकाम्या खाटेशेजारी खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते.

"तिचं ऱ्हायलेलं वाचून काढावं म्हणलं," ते म्हणाले. "तर बॅटरी उतरलेली. चालू केला तर पयल्यापासनं उघडलं. तिनं कुठवर वाचलं हुतं, कायच कळंना. पट्टी असती तर अंदाज तरी आला असता. तीबी म्याच काढली."

"मग पहिल्यापासूनच वाचा," मी म्हणालो. "मोठ्यानं वाचा. मी बसतो."

"तुमास्नी कुठं येतंय कानडी?"

"येत नाही. तुम्ही वाचा."

अण्णांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. एका ठिकाणी त्यांना हसू आलं. ते वाक्य मला मराठीत सांगायला गेले, पण त्यांना सांगता येईना. चष्मा काढून त्यांनी पुन्हा पुसला. मी खाली फरशीकडं बघत बसलो. मग त्यांनी बोटानं पान वर सरकवलं आणि पुढचं वाचू लागले.