पोटातला आवाज

मंडळी, आवाज मुळात पोटात असतो! घशातून बोलणं हे अडाण्यांचं काम. हे ज्ञान मला माझ्या मेहुण्याने दिलं. तो नाटकात असतो. पडदा ओढतो, पण ते सोडा.

आमचा पाण्याच्या पंपांचा कारखाना. नव्या पंपाची ओळख दुकानदारांना करून द्यायची होती आणि साहेबांनी जाहीर केलं होतं, "जो हे भाषण गाजवेल, तो विक्रीप्रमुख!" ती खुर्ची मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती, म्हणून भाषण मीच मागून घेतलं. पण माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचत नव्हता!

"दाजी, उताणे पडा," मेहुणा म्हणाला. "पोटावर वजन ठेवा आणि वजन हलेल असं ओरडा. हातवारेही दणदणीत हवेत!"

रोज भाषण ठोकून मी घर डोक्यावर घेतलं. हातवाऱ्यांत एक दिवा गेला. बायको स्वयंपाक करता करता म्हणायची, "अहो, झालं का? कान किटले माझे."

भाषणाच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम. मी जमिनीवर, पोटावर नमुन्याचा पंप, तोंडातून "हा! हा! हाऽऽ!" शेजारच्या नर्सबाईंनी खिडकीतून काय पाहिलं? यंत्राखाली सापडलेला माणूस किंचाळतोय आणि त्याची बायको शांतपणे गाजर किसतेय!

पाचव्या मिनिटाला अँब्युलन्स दारात!

"मला काही झालेलं नाही!" मी पोटातून गरजलो.

"बघा, भ्रम झालाय," नर्सबाई म्हणाल्या. "आवाज तर ऐका!"

दोघा धिप्पाड गड्यांनी मला स्ट्रेचरवर आवळलं. मी हॉस्पिटल येईपर्यंत ओरडत होतो. डॉक्टरांनी पोट दाबलं, म्हणाले, "ठणठणीत आहेत. सोडा यांना." मी आभार मानायला तोंड उघडलं, तर नुसती हवा!

मागोमाग आलेल्या बायकोने मला रिक्षात कोंबून सभागृहात आणलं. मी स्टेजवर चढलो. पाय रोवले, छाती पुढे काढली, हात पसरला आणि... फुस्स! दुकानदार एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचे डोळे बारीक झाले. गेली खुर्ची, मी मनात म्हटलं.

इतक्यात मागून आवाज आला, "दुकानदार बंधूंनो!"

बायको! माझं अख्खं भाषण तिला पाठ! न होऊन सांगते कोणाला? ती बोलत सुटली, मी हातवारे करत सुटलो. ती म्हणाली, "पाणी थेट गच्चीवर!" तेव्हा माझा हात अजून तळघरात होता. हशा पिकला, टाळ्या पडल्या, ऑर्डरी आल्या. माझी छाती अभिमानाने फुगली, खरंच सांगतो.

साहेब हात पुढे करून आले. मीही हात पुढे केला. ते मला ओलांडून गेले.

"वहिनी, सोमवारपासून या! विक्रीप्रमुख!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "येऊ का हो?"

मी काय बोलणार? मान हलवली.

आता माझा आवाज अगदी खणखणीत झालाय. पण तो वापरायची सोय घरात पूर्वीही नव्हती, आता ऑफिसातही राहिलेली नाही!