हा नाही रे, तो!

कॅनडाच्या डोंगरात अस्वलं लांब राहावीत म्हणून लोक सॅकला घंटा बांधतात, टाळ्या वाजवतात. किचनर शहरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे वैरागडेकाका एकोणतीसचा पाढा म्हणतात. तोही नागपुरी खर्जात. ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी’ला झुडपातून एक अस्वल उठून असं सुसाट सुटलं, की ते थेट अलास्कात जाऊनच थांबलं असणार. मी त्याला दोष देत नाही. शाळेत मीही असाच पळायचो.

दर उन्हाळ्यात काका विमानाने रॉकीजला जातात आणि एक शिखर चढतात. दर वर्षी वेगळं. यंदा मला धरून नेलं. जागा अशी आडबाजूची, की फोनची रेंज सोडाच, वारासुद्धा पत्ता विचारत येत होता. काकांचा नकाशा उलटा, माझं डोकं गरगरलेलं. प्रत्येक वळणावर थांबून ते बोट करत. “हा नाही रे भाऊ, तो!” आणि चार पावलांवर, “अरे बाप्पा, तो नाही, हाच!”

माथ्यावर पोचलो तेव्हा माझे गुडघे केव्हाच राजीनामा देऊन खाली उतरले होते. काका हरखून ओरडले, “हाच!” तेवढ्यात ढग हलले. पलीकडे आणखी एक शिखर.

काकांचा चेहरा पडला. “हा नाही रे. तो.”

“आत्ता सांगता? काय पुरून ठेवलंय त्याच्यावर?”

काका दगडावर टेकले. “तुझी काकू, एकदा या भागातल्या हायवेवरून जाताना म्हणे, ‘अहो, तो पहाड पाहा नं. रिटायर झालो की त्याच्यावर जाऊ.’ मी गॅस स्टेशन शोधत होतो. मान न वळवताच म्हटलं, ‘हो, पाहिला.’ रिटायर व्हायच्या आधीच गेली ती. आता कोणाला विचारू, कोणता?”

चहूकडे शिखरंच शिखरं. एक झाकावं, दुसरं काढावं. एरवी मला थापा शोधाव्या लागत नाहीत. तिथे एक सुचेना.

उतरताना काका वळून वळून शिखरं बघत मागे राहत होते. अस्वलांच्या भीतीने शेवटी मीच पाढा सुरू केला आणि ‘एकोणतीस चोक’ला अडकलो. मी थांबलो, लांबच्या एका सुळक्याकडे बोट केलं.

“काका, पुढच्या वर्षी तो?”

काकांनी चष्मा पुसला. माझ्या खांद्याला खांदा लावून बोटाच्या रेषेत डोळा आणला आणि बराच वेळ बघत राहिले.

“हो,” म्हणाले. “पाहिला.”