दगडावर लिंबू पिळणारे परबकाका

परबकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम अर्धं लिंबू असायचं. वाटेत वेगळा दगड दिसला की ते थांबायचे, त्यावर लिंबू पिळायचे आणि कान खाली नेऊन ऐकायचे. लालबागसारख्या वस्तीत माणूस दगडावर लिंबू पिळतो म्हटल्यावर लोकांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. आमच्या मजल्यावरच्या बायका काका दिसले की पोरांना आत ओढायच्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या टेबलावर कागद दाबायला पांढरा गुळगुळीत दगड होता. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत काका त्यावर लिंबू पिळून मोकळे. दगडाची चकाकी गेली ती गेलीच. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं आणि पुढच्या वेळी खिसा रिकामा करून या म्हणाले. काका मात्र घरी आले ते चोर पकडल्यासारखे खुशीत. दगड फसफसला होता. फसफसला म्हणजे त्यात चुना, आणि चुन्याचा दगड काकांच्या लेखी माणसांत घेण्यासारखा नव्हता.

याचं मूळ गिरणीत होतं. काका रंगखात्यात होते. पाण्यात चुना उतरून ते जड झालं तर कापडावर रंग सारखा बसत नाही, म्हणून तिथे पाण्यावर सतत नजर ठेवावी लागे. 'पाण्याक इचार', म्हणजे पाण्याला विचार, हे त्यांचं पालुपद तिथलंच. आईची डाळ शिजली नाही तरी पाण्याक इचार, आणि शेजारच्या सासूसुनांचं पटेना तरी पाण्याक इचार.

गिरण्यांचा संप लांबला तशी सगळ्यांनी बायकापोरं गावी पाठवली. काकांना मूल नव्हतं. त्यांनी काकूंना पाठवलं. त्या तिकडेच तापाने गेल्या. दिवसकार्य उरकून काका परतले ते एस.टी.त मांडीवर दुधाची किटली धरून. किटलीत घरामागच्या वहाळातली, ओढ्यातली म्हणा, बारकी, नखाएवढी, आरपार दिसणारी सुंगटं होती, कोळंबीच ती. चाळीतले आम्ही सगळे कोकणातले. सुंगटं म्हटल्यावर तळमजल्यावरच्या आजींनी आधी नारळ आहे का विचारलं आणि मग किटलीत डोकावून एवढ्यांत एक घासही होणार नाही म्हणून हळहळल्या. काकांनी झाकण लावलं. एवढंच म्हणाले की काकू वहाळावर भांडी घासायला बसायच्या, तेव्हा ही सुंगटं शितं खायला त्यांच्या पायाशी यायची.

भायखळ्याला कुणीतरी माशांची जुनी काचेची टाकी टाकून देत होतं. ती त्यांनी डोक्यावरून आणली. तळाशी शोभेचे पांढरेशुभ्र खडे होते. आम्हा सगळ्यांना ती फार सुंदर वाटली. सुंगटं सोडली, शेवाळ लावलं. आणि थोड्याच दिवसांत एकेक सुंगट मरू लागलं. कात टाकताना मध्येच अडकून, अर्धं आत, अर्धं बाहेर.

काकांचं जेवण सुटलं. मग एकदा त्यांनी टाकीतल्या पाण्यात साबण घोळवून पाहिला. फेस येईना. रंगखात्यात जड पाणी असंच ओळखत. लिंबू पिळलं तर शोभेचे खडे फसफसले. संगमरवराचे तुकडे होते ते. हळूहळू विरघळून पाणी जड करत होते. काकांनी खडे उपसले, पाणी बदललं आणि दगडाच्या शोधात सगळा भाग पालथा घातला. शेवटी कॉटन ग्रीनच्या बाजूला मिळालेला काळा पत्थर त्यांना पसंत पडला. तो त्यांनी स्वतःच्या भाताच्या टोपात उकळला. चुना साफ नको असंही नाही, हे ते मला समजावून सांगत. कवच तरी कशाचं बनणार? म्हणून शिंपल्याचा एक तुकडा ठेवला. उरलेली सुंगटं जगली.

तोवर संप विझला होता. माझ्या वडिलांना, अण्णांना, गिरणीने परत घेतलं नाही. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे अण्णा घरातही ओरडूनच बोलत. तो माणूस गप्प झाला. भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसून राहायचा. आईने विचारलेल्याला मान हलायची, तीही कधीतरी.

एका सकाळी काका टाकी घेऊन आमच्या दारात. त्यांच्या खोलीत ऊन फार येतं म्हणे. आईला न विचारता त्यांनी ती अण्णा बघत त्याच भिंतीला लावली, अण्णांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि गेले. रोज संध्याकाळी येऊन पाणी बघायचे, अण्णांशी एकटेच बोलायचे. अण्णा नुसते टाकीकडे बघत.

पुढे एकदा आई केर काढताना थबकली. तळाशी एक सुंगट पांढरं पडून आडवं झालं होतं. मेलं बिचारं, असं ती म्हणाली, आणि मागून अण्णांचा आवाज आला.

"मेलं नाय. ती कात आहे. ते बघ, दगडाच्या मागे बसलंय. अंग मऊ आहे तोवर लपून राहतं."

आई केरसुणी धरून तशीच उभी राहिली. अण्णा उठले, गॅलरीत गेले आणि साच्यावर मारायचे तशी हाक मारली. "परब, ये रे. टाकली कात!"

काका धावत आले. दोघं टाकीपुढे गुडघ्यांवर बसले. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसत होती. मला आजही वाटतं, आमच्या घरात बोलणं परत आलं ते त्या सकाळी, आणि ते ज्यांनी आणलं त्यांचे आभार मानायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढे अण्णांना एका गोदामावर रखवालीचं काम मिळालं. घर सावरलं. तरी काका रोज संध्याकाळी पाणी बघायला येतच होते. आईला संकोच वाटू लागला. खोलीत ऊन येतं हे खरं नव्हतं, हे तिला केव्हाच कळलं होतं. एक दिवस ती काकांना म्हणाली की आता आमचं ठीक आहे, गावची आठवण आहे तुमची, टाकी घेऊन जा.

काकांनी बराच वेळ टाकीची काच पुसली. स्वच्छच होती ती.

"नको, वैनी," ते म्हणाले. "टाकी हंय असली की माका येवक कारण असता."

आई आत गेली आणि चुलीवरच्या आधणात तिने आणखी एक मूठ तांदूळ टाकले.